प्लगवर खडूची खूण करू नका

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे गृहस्थ मूळचे नाशिकचे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाले, सातपूरच्या एमआयडीसीत नऊ वर्षं मेंटेनन्स केला आणि दोन वर्षांपूर्वी कॅनडात ब्रॅम्प्टनला आले. तिथे अप्रेंटिस म्हणून नोंद आहे, ३०९-ए ची (इथल्या इलेक्ट्रिशियनच्या लायसन्सची) परीक्षा एकदा दिली आणि थोडक्यात हुकली. ग्राउंडिंग-बाँडिंगच्या प्रश्नांत मार्क गेले. मागच्या महिन्यात हॅमफेस्टमध्ये, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या बाजारात, त्यांनी बीसी-२२१ नावाचा अमेरिकन लष्करी फ्रीक्वेन्सी मीटर घेतला. मूळ यंत्र बॅटरीवरचं, पण बॅटरीच्या कप्प्यात कुणीतरी घरी बनवलेला पॉवर सप्लाय बसवलाय आणि दोन पिनांची वायर बाहेर काढलीय. चालू केल्यावर पुढच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. प्लग उलटा घातला की जातात. ते विचारतात : प्लगच्या बरोबर बाजूला खडूने खूण करून ठेवली तर चालेल का, की तीन पिनांची वायर लावू? फोरमन म्हणतो कचऱ्यात टाक. बायकोचंही तेच मत आहे.

फोरमन आणि वहिनी एका बाजूला असताना आपण काय बोलणार! पण मी तीस वर्षं याच भागात इलेक्ट्रिशियन आहे आणि माझ्या तळघरात असले नऊ डबे आहेत, तेव्हा माझं मत त्याच हिशेबाने घ्या.

पहिलं म्हणजे, खडूची खूण नको. दुसरं, तीन पिनांची वायर लावायची, पण आज नाही. आधी आत काय आहे ते बघायला हवं. तिसरं असं की, वायरीचा प्रश्न आणि परीक्षेत गेलेले मार्क या तुम्हाला दोन गोष्टी वाटतायत. मला ती एकच गोष्ट वाटते. आपण ‘अर्थिंग’ या एका शब्दात दोन वेगळी कामं कोंबून ठेवली आहेत, आणि इथे त्यांना वेगवेगळी नावं आहेत. मीही त्याच शब्दाला अडखळलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी झिणझिण्यांचं बघू. प्लग उलटा केल्यावर शॉक जातो, यातूनच बरंचसं कळतं. ज्याने सप्लाय बनवला त्याने लाइनच्या एका तारेपासून चासीपर्यंत, म्हणजे धातूच्या सांगाड्यापर्यंत, एक कंडेन्सर टाकलाय. आवाजातली घरघर कमी व्हावी म्हणून जुने लोक सर्रास टाकायचे. ती तार न्यूट्रलकडे गेली की चासी गप्प बसते, फेजकडे गेली की पत्रा बोलायला लागतो. कंडेन्सर ०.०१ मायक्रोफॅरॅडचा असेल, तर १२० व्होल्ट आणि ६० सायकलला (हर्ट्झला) त्यातून साधारण ०.४५ मिलिअँपिअर जातो. माणसाला मुंग्या जाणवायला लागतात त्या अर्ध्या ते एक मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणजे तुमचं वर्णन जुळतं. हाच डबा नाशिकला २३० व्होल्ट, ५० सायकलवर लावला असता तर ०.७ च्या वर गेला असता. आणि कंडेन्सर ०.१ चा असेल तर इथेच साडेचार मिलिअँपिअर. मग त्याला झिणझिण्या म्हणता येत नाही.

हे झालं कंडेन्सर धड असेल तर. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा मेण लावलेला कागदी कंडेन्सर धड असेलच असं नाही. तो गळायला लागतो आणि एके दिवशी पूर्ण शॉर्ट होतो. त्या दिवशी प्लग ‘चुकीच्या’ बाजूने असला तर अख्ख्या पत्र्यावर १२० व्होल्ट, आणि तुमचा दुसरा हात तळघरातल्या पाण्याच्या पाइपवर. खडूची खूण तुम्हाला ठाऊक आहे. घरात कोणी पाहुणा आला, त्याने झाडू मारताना प्लग काढला आणि परत लावला, त्याला ती ठाऊक नाही. शिवाय भिंतीतल्या पॉइंटवर फेज-न्यूट्रल बरोबर बाजूंना आहेत हे तरी कोणी तपासलंय? जुन्या घरांत उलटे पॉइंट मला दर आठवड्याला भेटतात.

मोजायचं कसं तेही सांगतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. तुम्ही डिजिटल मीटर लावून पत्रा आणि अर्थिंगच्या मध्ये मोजलंत तर जवळपास १२० व्होल्ट दिसतील आणि पोटात गोळा येईल. त्या मीटरचा स्वतःचा अवरोध दहा मेगओहम असतो, त्यामुळे अगदी बारीक गळतीसुद्धा त्याला अख्खा व्होल्टेज वाटते. माझ्याकडे एव्हो मॉडेल ८ हा जुना काट्याचा मीटर आहे. मस्कतला असताना एका निवृत्त होणाऱ्या ब्रिटिश इंजिनिअरकडून घेतला होता. १९५१ साली आलेलं ते मॉडेल पार २००८ पर्यंत बनत होतं, ब्रिटिश सैन्याच्या वर्कशॉपमध्ये सगळीकडे असायचं. तो एसीला २५० च्या रेंजवर लावला तर त्याच पत्र्यावर ऐंशीच्या आसपास दाखवेल, कारण तो स्वतःच अडीच लाख ओहमांचा भार टाकतो. यंत्र एक, पत्रा एक आणि आकडे दोन. खोटा कुठलाच नाही.

म्हणून व्होल्टेज मोजत बसू नका, गळती मोजा. दीड किलोओहमचा एक रेझिस्टर घ्या, त्याचं एक टोक पत्र्याला आणि दुसरं खात्रीच्या अर्थिंगला क्लिपने लावा, आणि मग रेझिस्टरच्या दोन टोकांवरचा एसी व्होल्टेज मोजा. प्लग भिंतीतून बाहेर असताना क्लिपा लावायच्या, लावून झाल्यावर प्लग घालायचा. पाऊण व्होल्ट दिसला तर गळती अर्धा मिलिअँपिअर. प्लग सरळ आणि उलटा, दोन्ही बाजूंनी मोजा. तीन-चार व्होल्टांच्या वर काटा गेला तर लगेच बंद करा आणि सप्लाय उघडल्याशिवाय पुन्हा लावू नका.

आता आत काय असेल? इथून मला दिसत नाही, तेव्हा सगळं ‘असेल तर’ वरच आहे. बीसी-२२१ मधल्या व्हॉल्व्हना फिलॅमेंटसाठी ६ व्होल्ट आणि प्लेटसाठी १३५ व्होल्ट लागतात. घरगुती सप्लाय बनवणाऱ्या भल्या माणसाने छोटा ट्रान्सफॉर्मर, एक रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि दोन इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वापरले असतील, तर काम सोपं आहे. पण चिक्कू माणसाने ट्रान्सफॉर्मर न घालता थेट लाइनच रेक्टिफाय केली असेल, तर चासी ही लाइनचीच एक तार झाली. त्याला तीन पिनांची वायर लावलीत तर एका बाजूने फ्यूज उडेल आणि दुसऱ्या बाजूने चालू राहील, म्हणजे जास्तच वाईट. ओळखायचं कसं? प्लग बाहेर, स्विच चालू, ओहममीटरने प्लगच्या प्रत्येक पिनेपासून चासीपर्यंत मोजा. काही मेगओहम किंवा अनंत हवं. शून्याजवळ, शेकड्यांत किंवा किलोओहमात आलं तर तो सप्लाय काढून ठेवा, दुरुस्त करू नका. गुएल्फच्या हॅमंडचे छोटे ट्रान्सफॉर्मर इथे सहज मिळतात, नवा सप्लाय एका रविवारचं काम आहे.

रेक्टिफायर जर चौकोनी पापडांची चळत लावल्यासारखा दिसत असेल तर तो सेलेनियमचा. जळाला तर सडक्या अंड्यासारखी घाण येते आणि तो धूर विषारी असतो. चालू असला तरी काढा, साधा सिलिकॉन डायोड लावा. मात्र व्होल्टेज थोडा वाढेल, तेव्हा एक रेझिस्टर मध्ये घालून १३५ वर आणा.

हे सगळं बघून झालं की मग वीज द्यायची, तीही सिरीज लॅम्पमधून. नाशिकमध्ये रेडिओवाल्याकडे पाहिला असेलच : लाकडी पाटीवर होल्डर, एक पॉइंट, आणि दिव्यातून जाणारी लाइन. इथे चाळीस-साठ वॅटचे जुने तारेचे दिवे शोधावे लागतात, एलईडी चालणार नाही. दिवा क्षणभर भडकून मंदावला तर ठीक. भडकलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर त्याने हळूहळू चढवा, पण मी सिरीज लॅम्पलाच प्राधान्य देतो. डिमरस्टॅटला तुम्ही बघत राहावं लागतं, दिवा स्वतःच ओरडून सांगतो. पॉइंट जीएफसीआयचा, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारा, घ्या. इथला जीएफसीआय साधारण ५ मिलिअँपिअरला पडतो, आपल्याकडचा आरसीसीबी ३० ला. आणि चालू डब्यात हात घालायची वेळ आलीच तर डावा हात खिशात. वाड्यातल्या काकांनी मला ही सवय लावली, ती अजून आहे.

त्या काकांबद्दल दोन वाक्यं. लष्कराच्या सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पुण्यात आमच्या वाड्यात खालच्या खोलीत राहायचे. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जायचे, आणि सायकलच्या कॅरिअरला काहीतरी लष्करी हिरवं बांधून परत यायचे. बीसी-२२१ मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिला. तेव्हा मी औंधच्या आयटीआयमध्ये होतो.

आता अर्थिंगकडे येतो.

आपल्याकडे अर्थिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? खड्डा, मीठ-कोळसा, जीआय पाइप, आणि उन्हाळ्यात त्यात ओतायची पाण्याची बादली. म्हणजे मनात असं बसतं की बिघाड झाला की वीज ‘जमिनीत जाते’ आणि आपण वाचतो. इथल्या परीक्षेत या समजुतीचे मार्क कापतात, आणि बरोबरच आहे. हिशेब करा. समजा तुमच्या रॉडचा जमिनीशी अवरोध २५ ओहम आहे. फेजची तार पत्र्याला लागली, १२० व्होल्ट भागिले २५ म्हणजे ४.८ अँपिअर. पंधराचा ब्रेकर हे दिवसभर मजेत पुरवत राहील. पत्रा जिवंतच, आणि जमीन मात्र गरम. आता त्याच पत्र्यापासून हिरवी तार पॅनेलपर्यंत गेली आहे आणि तिथे ती न्यूट्रलला एकाच जागी जोडलेली आहे असं धरा. जायच्या-यायच्या तारांचा मिळून अर्धा ओहम धरला तर २४० अँपिअर. ब्रेकर क्षणात पडतो. वाचवलं कोणी? तांब्याने. मातीचा यात काही संबंध आला नाही.

धातूचे भाग एकमेकांना आणि पॅनेलला जोडून बिघाडाच्या करंटला परतीचा सोपा रस्ता देणं, हे बाँडिंग. सगळ्या यंत्रणेला जमिनीशी बांधून ठेवणं, म्हणजे वीज कोसळली किंवा बाहेरच्या हाय टेन्शनचा संबंध आला तर घरातला व्होल्टेज जमिनीच्या मानाने भरकटू नये, हे ग्राउंडिंग. कॅनडाच्या विजेच्या कोडमध्ये (नियमांच्या पुस्तकात) दोन्ही सेक्शन १० मध्येच आहेत, म्हणून वाचताना सरमिसळ होते. तुमच्या बीसी-२२१ च्या तिसऱ्या पिनेचं काम पहिलं आहे. म्हणून ती लावायची. आणि म्हणूनच पाण्याच्या पाइपला वेगळी तार बांधून ‘अर्थिंग दिलं’ असं समजायचं नाही.

तुम्ही भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहता असं लिहिलंय, म्हणून एक सावधगिरी. जुन्या घरांत दोन भोकांचे पॉइंट काढून तीन भोकांचे बसवतात आणि मागे हिरवी तारच नसते. मग काही महाभाग न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूला एक तुकडा मारून देतात. तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर अशा पॉइंटला ‘सगळं ठीक’ दाखवतो, कारण त्याला यातला फरक कळूच शकत नाही. अशा पॉइंटवर न्यूट्रल कुठे सुटली तर तुमची तीन पिनांची वायर स्वतःच पत्र्यावर फेज आणून ठेवेल. शंका असेल तर घरमालकाला सांगून लायसन्सवाल्याकडून बघून घ्या. स्वतः पॅनेल उघडू नका. तुमच्या हातात कला आहे, पण अजून कागद नाही, आणि घर दुसऱ्याचं आहे.

सप्लाय नीट केल्यावर वायर लावताना लाइन-चासीचा तो कागदी कंडेन्सर कापून टाका. घरघर परत आली तर वाय-टू दर्जाचा लहान कंडेन्सर लावा. हे कंडेन्सर बिघडले तरी शॉर्ट न होता सर्किट तुटावं असेच बनवलेले असतात. फ्यूज आणि स्विच दोन्ही काळ्या तारेत.

हो, काळ्या. इथेच माझं थोडं आत्मवृत्त सांगावं लागेल.

आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज आणि काळी न्यूट्रल. मस्कतला मी गेलो तेव्हाही ब्रिटिश पद्धतीने लाल फेज, काळी न्यूट्रलच होती. इथे काळी जिवंत, पांढरी न्यूट्रल. म्हणजे अठरा वर्षं ज्या रंगाला मी बिनधास्त हात लावायचो, तोच इथला वाघ. स्विचही उलटा : आपल्याकडे खाली चालू, इथे वर चालू. आल्यावर पहिले तीन महिने मी घरी पाटी करून लावली होती, ‘काळी = फेज’, आणि सकाळी डबा भरताना ती मोठ्याने म्हणायचो. मुलगी हसायची.

पाटीने काम केलं. फारच चांगलं केलं. पहिल्याच हिवाळ्यात टोरोंटोच्या जुन्या भागात एका घरात स्विच बदलायचा होता. डब्यात दोनच तारा, एक काळी, एक पांढरी. मी म्हटलं पांढरी न्यूट्रल, आणि पांढरी बाजूला सारण्यासाठी बोटाने धरली. शिडीवरून खाली आलो तेव्हा पाठीखाली कुणाचा तरी जुना गालिचा होता म्हणून वाचलो. झालं असं होतं की दिव्याच्या डब्यातून स्विचपर्यंत एकच दोन तारांची केबल आणलेली होती. फेज पांढऱ्यातून खाली येत होती आणि स्विचमधून काळीने परत वर दिव्याला जात होती. हे इथे जुन्या घरांत सर्रास असायचं. पांढऱ्यावर काळी टेप मारून खूण करायची, ती कुणी केली नव्हती. चूक त्यांची, पण मोजलं नाही ही माझी. खिशात टेस्टर होता.

त्याच घरात वरच्या माळ्यावर दुसरी गोष्ट घडली. आमच्या मालकाबरोबर वर चढलो, तर तुळयांवर चिनी मातीच्या गोट्या, त्यांवरून एकेक सुटी तार, तुळई ओलांडताना चिनी मातीची नळी, आणि सांधे पिळून सोल्डरने डाग दिलेले. इथे त्याला नॉब-अँड-ट्यूब म्हणतात. बरोबरच्या दोन तरुण पोरांना तो प्रकारच नवीन. मी आमच्या वाड्यात क्लीट वायरिंगखाली, म्हणजे असल्याच उघड्या तारांखाली, वाढलोय. कुठला सांधा मागून आलाय, कुठली तार न्यूट्रल असून तिच्यात स्विच घातलाय, हे मला गोट्यांच्या रांगेवरून सांगता आलं. मालकाने काही कौतुक बिवतुक केलं नाही. पण पुढच्या सोमवारपासून जुनी घरं माझ्या वाट्याला यायला लागली. तुमचं असं काय असेल ते मला माहीत नाही. कदाचित सातपूरच्या पॅनेलमधले कॉन्टॅक्टर असतील. नऊ वर्षं मेंटेनन्स केलेल्या माणसाला बिघडलेल्या मशीनचा आवाज ऐकून दोष सांगता येतो, ते कसब इथल्या कारखान्यात ५७५ व्होल्टवर तसंच लागू पडतं.

परीक्षेचं मात्र वेगळं आहे. ती हातांची परीक्षा नाही. मी पहिल्या खेपेला नापास झालो कारण प्रत्येक प्रश्नाला मी ‘साइटवर काय करीन’ याचं उत्तर लिहिलं. पास व्हायला ७० टक्के लागतात, आणि प्रश्न ‘पुस्तक काय म्हणतं’ हा असतो. कोडचं पुस्तक समोर असतं, पण शोधायला वेळ नसतो. दुसऱ्या खेपेला मी दोन महिने फक्त पानं उलटायची सवय केली. भाराचा हिशेब म्हटला की सेक्शन ८, बाँडिंग म्हटलं की १०, पाइपातल्या तांब्याच्या तारेचा करंट म्हटला की टेबल २. बायको स्वयंपाकघरातून विषय ओरडायची, मी पान उघडून ओरडायचो. तिलाच शेवटी अर्धं कोड पाठ झालं. तुम्हीही सेक्शन १० वाचताना प्रत्येक नियमाच्या कडेला पेन्सिलने ‘माती’ किंवा ‘तांबं’ असं लिहा. मला त्याने उजेड पडला. फक्त पेन्सिलच वापरा, आणि घरच्या प्रतीतच.

आता बीसी-२२१ ठेवावा की नाही. इथे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे : पुढच्या झाकणात एक पुस्तक आहे का, आणि त्यावरचा सीरियल नंबर यंत्राच्या पाटीवरच्या नंबराशी जुळतो का.

या यंत्राची गंमतच ती. दुसऱ्या महायुद्धात ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आणायला हे वापरायचे. १२५ किलोहर्ट्झपासून २० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतं. पण डायलवर फ्रीक्वेन्सी लिहिलेलीच नाही. नुसते आकडे आहेत, बारीक भाग वाचायच्या व्हर्निअर पट्टीसकट. कुठला आकडा म्हणजे किती किलोहर्ट्झ, हे प्रत्येक यंत्रासाठी कारखान्यात वेगळं मोजून त्या त्या पुस्तकात भरलेलं आहे. शेजारच्या यंत्राचं पुस्तक तुमच्या यंत्राला लागू नाही. पुस्तक हरवलं की तो एक उत्तम बांधणीचा, पण मुका ऑसिलेटर उरतो. (आपलं आयटीआयचं सर्टिफिकेट इकडच्या काउंटरवर ठेवल्यावर मला अगदी असंच वाटलं होतं. पुस्तक आहे, पण दुसऱ्या यंत्राचं.)

पुस्तक जुळत असेल तर मजा आहे. आधी अर्धा तास गरम होऊ द्या. हेडफोनचा प्लग घातल्याशिवाय बऱ्याच मॉडेलांत व्हॉल्व्हच पेटत नाहीत, तेव्हा ‘डबा मेला’ म्हणून घाबरू नका. मोबाइलचा इअरफोन चालणार नाही, जास्त ओहमांचे जुने हेडफोन लागतील. पुस्तकाच्या त्या पानाच्या तळाशी क्रिस्टलचा तपास-बिंदू दिलेला असतो. डायल त्यावर आणा, आतला १००० किलोहर्ट्झचा क्रिस्टल चालू करा आणि करेक्टरची मूठ हळूहळू फिरवा. आधी शिट्टी ऐकू येईल. ती खाली खाली येत घरघर होईल, मग थप, थप, थप असे सुटे ठोके, मग अगदी सावकाश एखादा श्वास घेतल्यासारखा, आणि मग शांत. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळवताना आवाजातली आंदोलनं लांबत जाऊन विरतात ना, अगदी तेच. यंत्राची मूठ माझ्या हातात होती आणि काका डोळे मिटून नुसते मान हलवत होते, ‘अजून… अजून… हां’. त्यांनी हेडफोनही लावला नव्हता, माझ्या कानातला बाहेर झिरपणारा आवाज त्यांना पुरत होता.

क्रिस्टलच बरोबर आहे कशावरून, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. त्यासाठी साधा शॉर्टवेव्ह रेडिओ घ्या आणि कोलोरॅडोहून येणारं डब्ल्यूडब्ल्यूव्ही १० मेगाहर्ट्झवर लावा. दर सेकंदाला टिकटिक ऐकू येईल. क्रिस्टलची दहावी हार्मॉनिक, म्हणजे दहापट फ्रीक्वेन्सी, तिथेच पडते. दोन्ही एकमेकांवर आल्या की तोच ठोक्यांचा खेळ ऐकू येतो. एका सेकंदाला दोन ठोके पडले तर दहा मेगाहर्ट्झमागे दोन हर्ट्झची चूक. ऐंशी वर्षांच्या यंत्राकडून यापेक्षा जास्त काय हवं?

कामावर याचा उपयोग? शून्य. फ्रीक्वेन्सी मोजायला आज पन्नास डॉलरचा काउंटर जास्त अचूक आहे. जुना एव्हो किंवा कुठलाही लष्करी मीटर साइटवर नेऊ नका, विशेषतः ३४७/६०० च्या पॅनेलवर तर अजिबात नको. तिथे कॅट-थ्रीचा (लाइनवरचे तडाखे सोसणाऱ्या दर्जाचा), त्या व्होल्टेजला पुरून उरणारा आजचा मीटरच हवा, जुन्याचे प्रॉब आणि फ्यूज त्या तडाख्यासाठी बनलेले नाहीत. आणि असल्या बाजारात पुढे काही घेतलंत तर अंधारात चमकणाऱ्या काट्याचा मीटर खरवडू नका, तो रंग रेडियमचा असू शकतो. व्हॉल्व्ह टेस्टर टीव्ही-७ घेतलात तर आतला ८३ नंबरचा व्हॉल्व्ह जपून हाताळा, त्यात पारा असतो.

विकायचा झाला तर घरगुती सप्लाय काढून, यंत्र आणि पुस्तक एवढंच विका. लाइनवर चालणारी, मान्यतेचा शिक्का नसलेली वस्तू विकणं इथे अंगाशी येऊ शकतं.

तेव्हा क्रम असा : प्लग बाहेर ठेवून ओहम, मग दीड किलोओहमवर गळती, मग सप्लाय उघडून कंडेन्सर आणि रेक्टिफायर, मग सिरीज लॅम्प, आणि शेवटी तीन पिना. मध्ये कुठेही आकडा विचित्र आला तर तिथेच थांबा. फोरमनला यातलं काही सांगायची गरज नाही. वहिनींना मात्र सांगा की तळघरात एकच डबा आहे. माझ्याकडेही सुरुवातीला एकच होता.

रेझिस्टरवर दोन्ही बाजूंनी किती व्होल्ट आले ते लिहा, आणि पाटीवरचा नंबर पुस्तकाशी जुळला का तेही. सप्लायचा उघडा फोटो टाकलात तर कंडेन्सर कुठला कापायचा ते मी खूण करून देतो. रविवारी दुपारी मी सहसा तळघरातच असतो.